पावसाळ्यातले कान

हर्णै, आषाढातला गुरुवार

गेल्या आठवड्यापासून पावसाने उसंत घेतलेली नाही आणि त्याबरोबर माझे ऐकणे जवळजवळ निम्म्यावर आले आहे. एरवी दोन्ही कानांतल्या यंत्रांच्या आधाराने मी घरातले बोलणे बऱ्यापैकी निभावून नेते. पावसाळ्यात मात्र ती यंत्रे असून नसल्यासारखी होतात. दर वर्षी या दिवसांत घरच्यांना वाटते की हिचे कान आणखी गेले. कान होते तेवढेच आहेत, हे त्यांना पटवण्यात आषाढ सरतो.

आमच्या घराला कौले आहेत, पण पडवीवर आणि मागच्या स्वयंपाकघरावर पत्रे आहेत, आणि या घरातले खरे बोलणे नेमके याच दोन ठिकाणी चालते. पत्र्यावर सर कोसळू लागली की सगळेच आवाज चढवतात आणि त्यांचे भागते. माझे भागत नाही, कारण माझी अडचण आवाज लहान असण्याची नाहीच. माझ्या ऑडिओग्रामवरची, म्हणजे कानांच्या तपासणीच्या आलेखावरची, रेघ खालच्या पट्टीत बरी आहे आणि दोन हजार हर्ट्‌झच्या पुढे घसरत जाते. आतल्या कानातल्या ज्या पेशी उंच पट्टीचे आवाज टिपतात त्या गेल्या आहेत, आणि माणसाच्या कानात त्या पुन्हा तयार होत नाहीत. अ, आ, ओ हे स्वर खालच्या पट्टीतले आणि दणकट असल्यामुळे मला पुरेपूर पोहोचतात. स, श, फ, थ यांसारखी व्यंजने उंच पट्टीतली आणि मुळातच क्षीण असल्यामुळे वाटेतच गळून पडतात. त्यामुळे माणूस बोलतो आहे हे मला कळते, कोण बोलतो आहे हेही कळते, फक्त काय बोलतो आहे ते कळत नाही. त्यात पावसाचा सरसराट स आणि श यांच्याच जागी येऊन बसतो. यंत्र पावसाचा आवाज दाबायला गेले तर उरलेसुरले स आणि श त्याबरोबर दबतात, आणि न दाबले तर पाऊसच मोठा होऊन कानात शिरतो.

सुकी मासळी घेऊन येणारी बाई काल पडवीत टेकली होती. ३१ जुलैपर्यंत मासेमारी बंद, त्यामुळे सध्या सोडे आणि सुके बोंबील यांवरच दिवस काढायचे. तिने भाव सांगितला तो मला ‘आठ’ असा ऐकू आला. आठ रुपयांना हल्ली काहीच मिळत नाही, म्हणून तो ‘साठ’ असणार हे मी ताडले आणि व्यवहार बिनबोभाट पार पडला. माझे निम्मे ऐकणे हे असे ताडणेच असते. पण एसटी सहाला आहे की दहाला, हे कशावरून ताडायचे? दोन्ही वेळा संभवतात, दोन्हींचे स्वर तेच, आणि विचारावे तर उत्तर पुन्हा त्याच दोन स्वरांत येते. मी अलीकडे माणसांना आकडे बोटांनी दाखवायला सांगते. मासळीवाली आनंदाने दाखवते. शिकलेल्या माणसांना ते कमीपणाचे वाटते.

दिवसभर असे ताडत राहिल्याने संध्याकाळपर्यंत डोके जड होते. मग मी गप्प बसले की ‘हिला रुसायला काय झाले’ अशी कुजबूज होते (कुजबूज ऐकू येत नाही, चेहऱ्यांवर दिसते).

लोकांची समजूत अशी की, चष्मा लावला की दिसते, तसे यंत्र घातले की ऐकू आलेच पाहिजे. चष्मा लावणाऱ्याचा डोळ्याचा पडदा बहुधा शाबूत असतो, केवळ प्रतिमा नीट जागी पाडायची असते. माझ्या बाबतीत तो पडदाच विरला आहे. यंत्र आवाज मोठा करून देते, पण तो टिपणारे आत उरलेले नाही. उलट अशा कानांना मोठा आवाज इतरांपेक्षा लवकर असह्य होतो. ऐकू न येणे आणि कान ठणकणे यांच्यामधली जागा फार अरुंद आहे, म्हणून ‘जरा मोठ्याने’ म्हटल्यावर समोरचा ओरडतो आणि मी दचकून ‘ओरडता कशाला?’ म्हणते. यावर माणूस चिडणारच. खरे तर त्याने माझ्याकडे तोंड करून, थोडे सावकाश आणि दुसऱ्या शब्दांत बोलावे, एवढेच पुरे असते.

तोंड दिसणे ही माझी दुसरी श्रवणशक्ती आहे, आणि पावसाळ्यात तीही जाते, कारण वीज जाते. परवा दीर आले असताना दिवे गेले. सासूबाईंनी मेणबत्ती त्यांच्या मागच्या कोनाड्यात ठेवली, त्यामुळे त्यांचा चेहरा काळा ठिक्कर झाला आणि संभाषण माझ्यापुरते तिथेच संपले. मी विजेरी आणून त्यांच्या ओठांवर धरली. ‘वहिनी, फोटो काढतेस की काय?’ म्हणून ते हसले, पण हातभर सरकून बसले. पुढे बराच वेळ सगळे कशावर तरी हसत होते. मी काय झाले ते विचारले, तर उत्तर मिळाले, ‘काही नाही गं, जाऊ दे.’ माझ्या मते बहिरेपणात याहून वाईट वाक्य नाही. ते महत्त्वाचे नव्हते हे मलाही ठाऊक असते. पण माणसे दिवसभर एकमेकांशी बिनमहत्त्वाचेच बोलत असतात आणि घर त्यावरच चालते.

दमटपणाचा जाच वेगळाच. यंत्राच्या कानात बसणाऱ्या साच्याच्या नळीत पाण्याचा थेंब धरतो आणि यंत्र मध्येच मुके होते. बॅटऱ्या झिंक-एअर जातीच्या. स्टिकर काढल्यावर बारीक छिद्रांतून हवा घेऊन त्या चालतात, आणि इथली ओली हवा त्यांना मानवत नाही. रात्री यंत्रे सिलिका जेलच्या डबीत ठेवते, तरी श्रावणाच्या आत एखादे मुंबईला दुरुस्तीला जातेच. ते परत येईपर्यंत एका कानाने दिवस काढायचे, म्हणजे हाक आली तरी ती माजघरातून की मागील दारातून, हे ओळखता येत नाही.

कागदावर मी अपंग नाही. २०१६च्या कायद्याप्रमाणे कमी ऐकू येणाऱ्यांत मोडण्यासाठी बोलण्याच्या पट्टीत दोन्ही कानांची हानी किमान ६० डेसिबल लागते. ती सरासरीने मोजतात आणि माझ्या खालच्या पट्ट्या चांगल्या असल्यामुळे माझी सरासरी त्या रेषेच्या अलीकडेच राहते. दिसायला धडधाकट, कागदावर धडधाकट, आणि एसटी स्टँडवरची घोषणा मात्र शेजारच्या बाईला विचारायची.

गणपतीला मुंबईची मंडळी येतील. घर भरेल, झांजा सुरू झाल्या की आरतीपुरती यंत्रे काढून ठेवावी लागतील, आणि पंगतीत मला भिंतीला पाठ आणि खिडकीकडे तोंड अशी जागा आधीच धरावी लागेल. बॅटऱ्या पुतण्याला आणायला सांगायच्या आहेत. इथे त्या दर वेळी मिळतातच असे नाही, आणि गेल्या खेपेस दुकानदाराने दुसऱ्याच मापाच्या दिल्या होत्या. फोनवर सांगण्यात अर्थ नाही. फोनमध्ये उंच पट्टी आणखी छाटली जाते आणि तो काय म्हणाला ते मला कळायचे नाही. म्हणून आत्ताच लिहून पाठवले आहे: ३१२ नंबर, तपकिरी स्टिकर, सहा पाकिटे. ‘सहा’ अक्षरांत आणि आकड्यांत, दोन्ही लिहिले आहे.