डीईएफच्या टाकीत शेतीचा युरिया घालू नका
आज बीएस-६ ट्रकच्या एससीआर कॅटॅलिस्टवर (धुरातले नायट्रोजन ऑक्साइड अमोनियाने मोडणारा भाग) काम होतं. डीईएफ फवारणाऱ्या इंजेक्टरच्या तोंडाशी पुन्हा तोच पांढरा थर! डीईएफ (डिझेल एक्झॉस्ट फ्लुइड) म्हणजे ३२.५ टक्के शुद्ध युरिया, बाकी खनिजमुक्त पाणी. शेतीच्या युरियात बाययुरेट (युरिया तापून बनणारी अशुद्धी) जास्त, वर कडुलिंबाचं तेल; बोअरच्या पाण्यात कॅल्शियम, सोडियम. थर तापवून काढता येतो, पण पाण्यातले हे क्षार कॅटॅलिस्टच्या झिओलाइटमधल्या (सच्छिद्र खनिज) तांब्याच्या जागा अडवतात, मग युरियापासून बनलेला अमोनिया नायट्रोजन ऑक्साइड मोडू शकत नाही. तो कॅटॅलिस्ट गेलाच समजा. डिझेलमधल्या गंधकाचा परिणाम मात्र ५०० अंश सेल्सिअसच्या वर तापवल्यावर बराचसा उतरतो. चार पैसे वाचवायला घरगुती मिश्रण खरंच नको. चांगलं डीईएफ वापरूनही थर धरत असेल तर एक्झॉस्टचं तापमान तपासा. २०० अंशांखाली युरिया नीट फुटत नाही.