जोडीने राजस्थान: बॅगा दोन, कपाट एक

जोडीने प्रवासाला निघताना दोघांनी एकाच रंगाचे, एकाच ठशाचे कपडे घालून फोटो काढण्याची टूम अलीकडे बरीच बोकाळली आहे. लग्नानंतरच्या पहिल्या सहलीला, एखाद्या संध्याकाळपुरती ती हौस शोभतेही. पण आठवडाभराच्या भटकंतीत ती निभावायची म्हटली, तर रोजचा जोड वेगळा न्यावा लागतो आणि आजचा कुर्ता उद्याच्या पँटवर चालत नाही. याच्या अगदी उलट प्रकार म्हणजे दोघांनी आपापली बॅग स्वतंत्रपणे, एकमेकांना न विचारता भरणे. त्यात दोन टूथपेस्ट, दोन छत्र्या आणि दोन जाडजूड शाली जातात, मोबाइलचा चार्जर मात्र एकही जात नाही. आमच्या घरी आता तिसरी पद्धत रुळली आहे. बॅगा दोन असल्या, तरी कपाट एकच भरायचे आहे असे समजून दोघांनी पलंगावर सगळे कपडे एकत्र मांडायचे आणि मगच काय न्यायचे ते ठरवायचे. जानेवारीतल्या राजस्थानच्या सहलीचे उदाहरण घेऊन ती सविस्तर सांगते, कारण कपड्यांची खरी परीक्षा त्या प्रदेशात आणि त्या महिन्यात होते.

मुंबईहून विमानाने उदयपूर, तिथून गाडीने रणकपूरमार्गे जोधपूर, मग जैसलमेर आणि परतीला रेल्वे, असा मार्ग अनेक मराठी कुटुंबे घेतात. या एकाच मार्गावर उन्हात स्वेटर नकोसा होतो आणि पहाटे तोच अपुरा पडतो. जानेवारीत जैसलमेरला दुपारचे तापमान साधारणपणे २३-२४ अंश सेल्सिअसपर्यंत जाते आणि पहाटे ७-८ अंशांपर्यंत उतरते. थंडीची लाट आली, तर त्याहूनही खाली. वाटेत माउंट अबूला मुक्काम केला, तर एखादी रात्र शून्याच्या आसपास जाऊ शकते. अशा हवेत एक जाड कोट नेण्यापेक्षा एकावर एक घालता येतील असे तीन पातळ थर नेणे शहाणपणाचे ठरते: आत थर्मल, त्यावर नेहमीचा कुर्ता किंवा शर्ट आणि वर बंडी किंवा स्वेटर. दुपारी थर उतरवायचे, सूर्य कलला की पुन्हा चढवायचे. पुण्या-मुंबईच्या माणसाला थंडी म्हणजे फार तर एक शाल एवढीच सवय असते, त्यामुळे थर्मल बहुतेकांना अनावश्यक वाटते. वाळवंटात उघड्या जीपमधून पहाटेचा वारा एकदा अंगावर घेतला की ते मत बदलते.

रंगांचा विचार मी कापडाच्या आधी करते, आणि दोघांसाठी मिळून करते. तीन रंग ठरवावेत आणि त्यांच्याबाहेर शक्यतो जाऊ नये. राजस्थानसाठी आमचे तीन रंग म्हणजे गडद निळा, मोतिया आणि डाळिंबी. नवऱ्याच्या दोन्ही पँट निळ्या आणि राखाडीच्या छटेतल्या, कुर्ते मोतिया आणि फिकट निळे, बंडी डाळिंबी. माझे कुर्ते निळे आणि डाळिंबी, सुरवार मोतिया, साडी निळ्या काठाची. कोणत्याही दिवशी दोघांनी बॅगेत हात घालून जे सापडेल ते घातले, तरी ते एकमेकांशेजारी विसंगत दिसत नाही, आणि तरीही कोणी गणवेश घातल्यासारखे वाटत नाही. जैसलमेरला जाणाऱ्यांनी मोहरीचा पिवळा आणि खाकी हे रंग मात्र टाळावेत, असे मी आवर्जून सांगेन. ११५६ साली रावळ जैसल यांनी वसवलेला तो किल्ला आणि त्याच्या पायथ्याच्या हवेल्या पिवळ्या वालुकाश्माच्या आहेत. त्या दगडासमोर पिवळा कुर्ता उभा राहिला की फोटोत नुसता चेहरा तरंगताना दिसतो. निळा आणि डाळिंबी तिथे उठून दिसतात. जोधपूरच्या जुन्या शहरातल्या निळ्या भिंतींसमोर मोतिया शोभतो.

कापडाच्या बाबतीत माझे मत थोडे कडवे आहे. लिनन दिसायला देखणे असले, तरी तासभर गाडीत बसून उतरल्यावर ते घातलेला माणूस आजारपणातून उठल्यासारखा दिसतो. खळ दिलेली सुती साडी घरच्या समारंभात रुबाबदार वाटते, पण बॅगेत ती दुप्पट जागा खाते आणि घडी मोडली की तिचा रुबाब संपतो. प्रवासाला माहेश्वरीसारखी रेशीम-सुताची हलकी साडी किंवा क्रेप उत्तम. एक संध्याकाळ बाहेर जेवायला जाण्यासाठी एवढी एकच साडी पुरते. साडी आणि नवऱ्याचा चांगला कुर्ता आम्ही एकत्रच भरतो, आणि ती रीत सांगण्याजोगी आहे. साडी लांबीत घडी घालून पलंगावर पट्ट्यासारखी पसरावी, तिच्या एका टोकाला कुर्ता बाह्या आत दुमडून सपाट ठेवावा, आणि मग त्या टोकाकडून दोन्ही मिळून सैल गुंडाळी करत न्यावी. कुर्त्याला साडीच्या थरांचा आधार मिळतो, साडीला कुर्त्यामुळे आतून गोलाई मिळते, आणि दोहोंवरही कडक घडीची रेघ उमटत नाही. हॉटेलात पोहोचल्यावर दोन्ही हँगरला लावून अंघोळीच्या वेळी न्हाणीघरात टांगले, की गरम पाण्याच्या वाफेने उरलीसुरली सुरकुती जाते. इस्त्री शोधत बसावे लागत नाही.

रणकपूर आणि अबूजवळची देलवाडा मंदिरे या वाटेवरची सर्वांत सुंदर ठिकाणे आहेत, आणि कपड्यांच्या दृष्टीने सर्वांत काटेकोरही. रणकपूरचे चौमुखी मंदिर पंधराव्या शतकातले; त्यात १४४४ खांब असून एकाचे कोरीवकाम दुसऱ्यासारखे नाही, असे सांगितले जाते. देलवाड्याचे विमलवसही मंदिर १०३१ सालचे. दोन्हीकडे खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, आणि चामड्याची कोणतीही वस्तू आत नेता येत नाही. बूट बाहेर राहतात हे सगळ्यांनाच ठाऊक असते. कमरेचा पट्टा, खिशातले पाकीट आणि खांद्यावरची पर्स हे मात्र कोणाच्या लक्षात येत नाही. रणकपूरच्या दारात पट्टा काढून हातात धरलेले आणि दुसऱ्या हाताने पँट सावरणारे पुरुष मी पाहिले आहेत. निघण्याच्या आदल्या रात्री मी घरी एवढेच म्हटले होते, "अरे, नाडीची पँट घाल, आणि पाकीट कापडी घे." त्यावर उत्तर आले, "नाडीची पँट घालून मी मंदिरात जाऊ?" हल्ली कमरेला आतून नाडी आणि बाहेरून नेहमीच्या पँटसारखी दिसणारी सुती पँट सहज मिळते, आणि सहा-सात तासांच्या गाडीच्या प्रवासात तिच्याइतके सुखाचे दुसरे काही नाही. माझ्याकडे एक मोठी सुती ओढणी असते. मंदिरात ती खांद्यावर, अजमेरच्या दर्ग्यात गेलो तर डोक्यावर, आणि रात्रीच्या रेल्वेत उशीवर पसरायला उपयोगी पडते.

जैसलमेरपासून सुमारे ४० किलोमीटरवर सम या गावाच्या वाळूच्या टेकड्या आहेत, आणि तिथे मुक्काम करणाऱ्या बहुतेक जोडप्यांना उंटावरून फिरायचेच असते. उंट उठताना आधी मागचे पाय उचलतो, त्यामुळे वर बसलेला माणूस एकदम पुढे झुकतो. त्या क्षणी पायात गुंडाळलेली साडी किंवा घोट्यापर्यंतचा तंग स्कर्ट फार अडचणीचा होतो. सुरवार किंवा सैल पँट घालावी, आणि ओढणीचे टोक खोचलेले असावे. संध्याकाळी शेकोटीभोवती लोकसंगीताचा कार्यक्रम होतो. तिथे नायलॉनचे फुगीर जॅकेट घालून अगदी पुढे बसू नये, कारण उडालेली एक ठिणगी त्याला क्षणात भोक पाडते. लोकर किंवा जाड सुती कापड ठिणगी बरीच सहन करते. म्हणून शेकोटीसाठी आमच्याकडे दोघांत मिळून एक मोठी लोकरी शाल असते. ती दोघांच्या खांद्यांवरून पुरते, आणि एका शालीचे वजन वाचते ते वेगळेच.

पायांत काय घालावे याबद्दल थोडक्यातच सांगते. १४५९ साली राव जोधा यांनी पायाभरणी केलेल्या मेहरानगडाची चढण आणि जैसलमेरच्या किल्ल्यातल्या पावलांनी गुळगुळीत झालेल्या फरशा, या दोन्हींना चांगल्या पकडीचे, आधीपासून वापरातले बूट लागतात. दुसरा जोड म्हणून पट्ट्याची सँडल पुरे. जोधपूरला मोजड्या घ्याव्यात, पण त्या तिथल्या तिथे घालून गड चढण्याचा उत्साह आवरावा. पारंपरिक मोजडीत डावा-उजवा असा भेद नसतो, ती पायाच्या आकाराला हळूहळू सरावते आणि तोवर टाच सोलून काढते.

आता बॅगा. देशांतर्गत विमानात साधारणपणे माणशी १५ किलो सामान खाली देता येते आणि ७ किलोची एक बॅग हातात नेता येते. आम्ही दोघांचे कपडे दोन्ही मोठ्या बॅगांत अर्धे अर्धे विभागतो. एखादी बॅग मागे राहिली किंवा दुसऱ्याच शहरात जाऊन पोहोचली, तर एकावर सगळी आपत्ती येत नाही. दोघांकडेही दोन दिवसांचे कपडे शिल्लक असतात. हातातल्या बॅगेत औषधे, चष्मा, एक जोड अंतर्वस्त्रे आणि पॉवर बँक; पॉवर बँक खाली द्यायच्या सामानात ठेवता येत नाही. सर्वांत जाड स्वेटर आणि सर्वांत जड बूट अंगावर घालूनच निघावे. साबण, तेल, कंगवा, व्हॅसलिन हे एकाच पाउचमध्ये, आणि तो पाउच कोणाच्या बॅगेत आहे हे दोघांनाही माहीत असावे. बॅग भरणे हे बायकोचे काम आणि "माझा टॉवेल कुठे आहे?" असे विचारणे हे नवऱ्याचे काम, ही वाटणी मला मान्य नाही. जो भरत नाही त्याला काहीच सापडत नाही, म्हणून गुंडाळ्या दोघांनीही कराव्यात, भले त्याच्या वाकड्या झाल्या तरी.

कपडे कमी नेण्याचे धैर्य येते ते वाळवंटातल्या कोरड्या हवेमुळे. कोकणात पावसाळ्यात बनियनही दोन दिवस दमट राहते. जैसलमेरला मात्र रात्री धुऊन टॉवेलमध्ये पिळलेला पातळ कुर्ता खोलीत दोरीवर टाकला, की सकाळी बहुतेक वेळा वाळलेला असतो. त्यामुळे वरचे चार-चार आणि खालचे दोन-दोन कपडे आठवड्याला पुरतात. चार चिमटे आणि एक नायलॉनची दोरी बॅगेच्या कोपऱ्यात जरूर टाकावी.

एवढ्या काटकसरीने वाचवलेली जागा कशासाठी, हे राजस्थानात गेलेल्यांना सांगावे लागत नाही. जयपूरपर्यंत मार्ग वाढवला असेल, तर सांगानेरी ठशाच्या चादरी आणि रजई; जोधपूरला बांधणी आणि लाटांसारख्या रेघांचा लहरिया; आणि पारदर्शक बारीक चौकडीची, हातात घेतल्यावर वजनच न जाणवणारी कोटा डोरिया. यासाठी घडीची एक रिकामी कापडी बॅग मोठ्या बॅगेच्या तळाशी आधीच घालून ठेवावी. परतीला रेल्वे ठेवण्याचे एक कारणही हेच आहे: वातानुकूलित तृतीय श्रेणीत माणशी ४० किलो सामान विनाशुल्क नेता येते, त्यामुळे रजईसाठी विमानतळावर वजनकाट्यापुढे हुज्जत घालावी लागत नाही. बांधणी घेताना दुकानदाराला गाठी न सोडताच द्यायला सांगावे. गाठींसह ती आक्रसून मुठीएवढ्या जाडीच्या पेंडीत मावते, आणि ती खरोखर हाताने बांधलेली असल्याची खूणही त्या गाठीच असतात. घरी आल्यावर दोघांनी दोन टोके धरून आडवी ओढली, की गाठी पटापट सुटतात. तिचा रंग पहिल्या धुण्यात हमखास जातो, म्हणून नवऱ्याच्या मोतिया कुर्त्यांना त्या दिवशी बादलीपासून लांब ठेवावे.