तीन पानं, तीन कमाल मात्रा

टेक्सासात घरीच काडतुसं भरणाऱ्या भाच्याने रविवारी सकाळी, काडतुसं भरण्याच्या पुस्तकांतल्या तीन पानांचे फोटो पाठवले. काडतूस .308 विंचेस्टर, गोळी 168 ग्रेनची (ग्रेन हे वजनाचं छोटं माप), पावडर 4895, आणि पावडरची कमाल मात्रा मात्र प्रत्येक पानावर वेगळी. खाली एकच ओळ: "मामा, यातलं कोणतं खरं?" आमचं काम काडतुसांचा दाब मोजण्याचं, वरणगाव-भुसावळ पट्ट्यातलं. त्यामुळे सुट्टीचा दिवस याच्यात जाणार हे लगेच कळलं. (आपल्याकडे शस्त्र कायदा 1959 च्या कलम 5 प्रमाणे परवान्याशिवाय काडतूस भरता येत नाही. तिकडे तो छंद आहे, म्हणून हे बोलणं.)

तिन्ही पानं खरी असू शकतात. प्रत्येक आकडा म्हणजे एका नळीत, एका लॉटच्या पावडरवर, ठराविक पुंगळी (काडतुसाचं कवच), प्रायमर (पावडर पेटवणारी बुडातली टोपी) आणि गोळी घेऊन केलेल्या चाचणीची नोंद. त्यातली एक वस्तू बदलली की दाब बदलतो. दोन 168 ग्रेनच्या गोळ्यांचं वजन सारखं असलं तरी नळीला घासणारा भाग कमी-जास्त असतो, आणि अख्ख्या तांब्याची गोळी लांब असल्याने पुंगळीत जास्त खोल बसते.

मी पानं मोठी करून पाहिली. पहिलं पान एच 4895 चं, दुसरं आयएमआर 4895 चं. नंबर एकच, पावडरी दोन, त्यांच्या मात्रा एकमेकींच्या जागी चालत नाहीत. डब्यावर काय लिहिलंय ते अक्षर न अक्षर वाचून दाखव म्हटलं. डबा एच निघाला. आयएमआरचं पान तिथेच बाद. तिसरं पान एचचंच, पण जुनं. दाबाची मर्यादा 52,000 सीयूपी (दाबाचं जुनं माप) छापलेली. पहिल्या पानावर 62,000 पीएसआय (दाबाचं आताचं माप). भाच्याला वाटलं, जुन्या पानात दहा हजारांची ढील आहे. तसं नाही. जुन्या पद्धतीत तांब्याचा तुकडा किती चेपला यावरून दाब काढत, आता क्रिस्टलच्या सेन्सरने काढतात. दोन्ही याच काडतुसाच्या कमाल मर्यादा आहेत, आणि एकातून दुसरी काढायचं भरवशाचं सूत्र नाही.

मग पुंगळ्या. त्याच्याकडच्या 7.62 नाटोच्या, फौजी. बाहेरून .308 सारख्याच, पण बहुतेक जाड भिंतीच्या, म्हणून आतली जागा कमी आणि तीच मात्रा टाकली तर दाब जास्त. रिकाम्या पुंगळ्या काट्यावर ठेवल्या की हे दिसतं. लांबीही मोजायला लावली: कमाल 2.015 इंच, कापायची 2.005 ला. पुंगळीची मान लांब राहिली तर चेंबरच्या (नळीत काडतूस बसतं त्या जागेच्या) पुढच्या टोकाशी चेपते, गोळी घट्ट धरली जाते आणि दाब चढतो.

सुरुवात उरलेल्या पानांतल्या सगळ्यात कमी सुरुवातीच्या मात्रेपासून केली. जिथे फक्त कमाल दिलेली असते तिथे तिच्या 10 टक्के खाली. 42 ग्रेन असेल तर 37.8. त्याहून खाली उतरायचं नाही, फार कमी भरण्यातही धोका असतो. पायरी अर्ध्या ग्रेनची, वर गेल्यावर 0.3 ची. टेबलावर पावडरचा एकच डबा. काट्यावर येणारा एसीचा झोत बंद केला, नाहीतर आकडा नाचतो. भरलेल्या पुंगळ्यांत टॉर्च मारून पातळी पाहिली. एखादी रिकामी राहिली तर गोळी नळीत अडकते, आणि तिच्यामागून दुसरी झाडली तर नळीच फुटते.

संध्याकाळी तो नेमबाजीच्या रेंजवर होता, इकडे पहाट. खालच्या पायऱ्यांत काही विशेष नव्हतं. मग कमालच्या दोन पायऱ्या आधी वेगमापक 2,640 फूट प्रति सेकंद दाखवायला लागला. पानावर कमाल मात्रेचा वेग 2,650, पण 24 इंची नळीतून. त्याची नळी 20 इंची. इंचाला साधारण 25 फूट कमी धरले तर कमालवरही 2,550 च्या आसपास यायला हवा होता. फुकटचा वेग मिळत नाही, तो दाबातूनच येतो. तो म्हणाला, "मामा, प्रायमर तर चपटा नाही झाला, बोल्टही सहज उघडतोय." हीच फसगत. चपटा प्रायमर, पुंगळीच्या बुडावर इजेक्टरचा (रिकामी पुंगळी बाहेर फेकणाऱ्या भागाचा) चकचकीत ठसा, जड बोल्ट (चेंबर मागून बंद करणारा दांडा), या खुणा बहुधा मर्यादा ओलांडून गेल्यावरच दिसतात. काही प्रायमर नेहमीच्या दाबालाही चपटे होतात. तिथेच थांबवलं, आणि वेग पुस्तकाशी जुळतो त्या पायरीवर परत आणलं.

बॉक्सवर तापमानही लिहायला सांगितलं. आमच्याकडे मे महिन्यात 45 अंश नवं नाही, आणि उन्हात उभ्या गाडीत त्याहून बरंच जास्त. जानेवारीत काठावर बसलेली मात्रा तिथे काठाबाहेर जाते. पावडरचा नवा डबा किंवा प्रायमरची दुसरी कंपनी आली तरी पुन्हा खालून सुरू.

वरच्या पायऱ्यांची उरलेली काडतुसं त्याने पुलरने (गोळी ओढून काढायच्या अवजाराने) उघडली. ती पावडर डब्यात परत टाकू का, विचारलं. त्याच डब्यातली आहे याची शंभर टक्के खात्री असेल तरच, नाहीतर बाहेर मोकळ्या जागेत थोडी थोडी जाळून टाक, म्हटलं.