आमची वाटचाल : बेदाण्याच्या हिशेबापासून सामायिक जोडण्यांपर्यंत

सांगलीच्या विश्रामबागेत आम्ही माहिती-विश्लेषणाचे काम सुरू केले तेव्हा आमचे बहुतेक ग्राहक बेदाणा आणि हळदीच्या व्यापारातले होते, आणि आजही तेच आमचा आधार आहेत. त्यांचा हिशेब टॅलीत असतो, शीतगृहातल्या साठ्याची नोंद एसक्यूएल सर्व्हरवर आणि सौद्यांतले रोजचे दर कोणीतरी गुगल शीटमध्ये भरत असते. कोणत्या लॉटमध्ये किती पैसे अडकले आहेत, हा व्यापाऱ्याचा साधा प्रश्न सोडवायचा तर ही तिन्ही ठिकाणे एकत्र जोडावी लागतात.

प्रारंभी जो ज्या ग्राहकाचे काम करी, तो आपल्याच लॅपटॉपवरून आपल्याच लॉगिनने जोडणी करीत असे. दोन-तीन माणसांच्या कार्यालयात हीच पद्धत सर्वांत सोयीची असते. परंतु माणसे वाढली, त्यांतली काही पुण्याला गेली, आणि गेलेल्या माणसाच्या नावावर चालणारे अहवाल कोणाचे, हा प्रश्न उभा राहिला. तेव्हा आम्ही ठरवले की जोडणी व्यक्तीच्या नव्हे, संस्थेच्या नावावर असेल आणि सहकाऱ्यांना पासवर्ड न देता केवळ ती वापरण्याचा अधिकार दिला जाईल.

पॉवर बीआय या मायक्रोसॉफ्टच्या अहवाल-साधनामध्ये यासाठी गेटवे, म्हणजे कार्यालयातल्या संगणकावरची माहिती पॉवर बीआयपर्यंत पोचवणारा प्रोग्राम, बसवावा लागतो, आणि तो वैयक्तिक प्रकारचा नसून प्रमाणित प्रकारचा असावा लागतो, कारण वैयक्तिक गेटवे दुसऱ्या कोणाला वापरायला देताच येत नाही. जोडणीचे लॉगिन आणि पासवर्ड सांकेतिक रूपात गेटवेच्या क्लाउड सेवेत साठवले जातात आणि ते गेटवेवरच उलगडले जातात. ज्याला फक्त ‘वापरकर्ता’ नेमले आहे तो त्या जोडणीवर आपला अहवाल उभा करू शकतो, पण तिचा पासवर्ड पाहू किंवा बदलू शकत नाही. प्रत्येक जोडणीला आम्ही किमान दोन मालक नेमतो आणि गेटवेची पुनर्प्राप्ती-किल्ली कागदावर लिहून तिजोरीत ठेवतो, कारण ती हरवली तर संगणक बिघडल्यावर तोच गेटवे दुसऱ्या यंत्रावर पुन्हा उभा करता येत नाही.

सर्वाधिक त्रास अर्थातच टॅलीचा. तिची ओडीबीसी सेवा (इतर प्रोग्रामना टॅलीतली माहिती वाचू देणारी), जी सहसा ९००० या पोर्टवर असते, टॅली चालू असेल आणि संबंधित कंपनी उघडलेली असेल तरच उत्तर देते. दिवाणजींनी संध्याकाळी संगणक बंद केला की रात्रीचे ताजेतवानेकरण (रिफ्रेश, म्हणजे अहवालात नवे आकडे ओढून घेणे) फसते. लागोपाठ चार वेळा ते फसले की पॉवर बीआय ते वेळापत्रकच बंद करते, आणि ग्राहकाला मात्र जुनेच आकडे दिसत राहतात. म्हणून आम्ही वेळ रात्रीची न ठेवता दुपारची, पेढी उघडी असतानाची ठेवली. (दिवाणजींना संगणक चालू ठेवायला सांगण्यापेक्षा वेळापत्रक बदलणे सोपे, हे सांगलीच्या पेठेत काम केलेल्या कोणालाही पटेल.)

शीतगृहाच्या सर्व्हरवर आम्ही केवळ वाचनाचा अधिकार असलेले स्वतंत्र खाते मागतो. हा आग्रह काहींना उगाच वाटतो. एका ग्राहकाकडे तर सर्व्हरच्या मुख्य खात्याचा पासवर्ड व्हॉट्सॲपच्या गटात सर्वांसमोर होता. शिवाय विक्रीच्या पट्टीवर शेतकऱ्याचा मोबाइल क्रमांक आणि बँक खाते असते. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ मध्ये संमत झाला आहे, आणि तो नसता तरी दराच्या विश्लेषणाला हे रकाने लागत नाहीत. त्यामुळे मूळ तक्त्यांऐवजी ते वगळून तयार केलेले व्ह्यू (तक्त्याचे निवडक रकानेच दाखवणारी दृश्ये) जोडतो.

गुगल शीटसाठी आम्ही एक सेवा-खाते (माणसाऐवजी प्रोग्रामसाठी असलेले गुगल खाते) काढले आहे. शीट त्या खात्याच्या ईमेलला फक्त वाचण्यासाठी शेअर केली की काम भागते. अलीकडे कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीतली कामे मिळू लागली आहेत. तिथे करार करतानाच वाचन-खाते कोण देणार, गेटवेचा संगणक कोणाच्या ताब्यात राहणार आणि पासवर्ड बदलला की आम्हाला कोण कळवणार, या बाबी लिहून घेतो आणि त्यानंतरच पहिल्या अहवालाची तारीख देतो.