ती उभीच राहते, डॉक्टर

म्हसरूळच्या मावशींचा फोन आला तेव्हा मी दिंडोरी रोडच्या एका गोठ्यात व्यालेल्या गायीची अडकलेली वार काढत होतो. हात खांद्यापर्यंत आत, आणि गोठ्यातला गडी माझ्या कानाला फोन धरून उभा. काळी कोंबडी खात नाही, खुराड्याच्या कोपऱ्यात गेली, असं त्या म्हणाल्या. खुडूक असेल, म्हणजे अंडी उबवायला बसली असेल, दोन दिवस राहू द्या, असं मी सांगून टाकलं.

"खुडूक नाही वं डॉक्टर. आठवडाच झाला तिला अंडी द्यायला लागून. आन् बसत नाही ती, उभीच राहती."

"उभीच राहती" हे त्यांनी दोनदा सांगितलं. माझ्या कानावर पडलं, पण मी लक्ष दिलं नाही.

रात्री जेवताना ते वाक्य परत आठवलं. सकाळी वाट वाकडी करून गेलो. डिसेंबरची थंडी होती. काळी खुराड्यामागे छाती वर काढून, पाय फाकवून उभी होती आणि शेपूट श्वासागणिक खालीवर होत होतं. खुडूक कोंबडी पिसं फुगवून चपटी बसते, हात नेला की टोचायला येते. ही उचलली तरी हूं की चूं नाही. तुरा फिकट पडलेला. पोटावरून बोटं मागे नेली तर कडक गोळा लागला. अंडं अडलं होतं, आणि त्याला एक रात्र उलटून गेली होती.

कॉलेजात कोंबड्या शिकलो त्या हजारांच्या हिशेबात. मर पडली की चारदोन पक्षी चिरून बघायचे आणि अख्ख्या शेडला पाण्यातून औषध द्यायचं. एक कोंबडी कशी जगवायची हे कोणी शिकवलं नाही. वाटेत एका सहकाऱ्याला फोन केला, तर तो म्हणाला, "मसाला वाटायला सांग." आमच्या धंद्यातलं हे बोलणं मला मनापासून आवडत नाही. त्या कोंबडीच्या अंड्यांवर मावशींच्या नातवाची न्याहारी चालते.

घमेल्यात कोमट पाणी घेतलं, कोपर बुडवून पाहिलं आणि काळीला पोटापर्यंत वीस मिनिटं बसवलं. मावशी तिच्या डोक्यावर पदर धरून होत्या, अंधारात ती शांत राहिली. व्याल्यावर कॅल्शियम घटून आडव्या पडलेल्या, मिल्क फीवरच्या गायीला मी कॅल्शियमची साडेचारशे मिलीची बाटली लावतो. इथे जेमतेम एक मिली, आणि तीही वेगळ्या, सौम्य औषधाची. काम मात्र तेच आहे. कॅल्शियम कमी पडलं की अंडं ढकलणारे स्नायूच थकतात. एका अंड्याच्या कवचात दोनेक ग्रॅम कॅल्शियम जातं, आणि काळीचं खाणं म्हणजे बाजरी आणि उरलेली भाकरी.

बॅगेत कळा आणणारं ऑक्सिटोसिन होतं. हात तिकडे गेलाही. पण वाट मोकळी नसताना ते दिलं तर अंडनलिका फाटू शकते. वाट बुळबुळीत व्हावी म्हणून पॅराफिनचं तेल सोडलं, चुलीजवळ पोत्यावर ठेवून तासभर थांबलो. अंड्याचं पांढरं टोक दिसायला लागलं, पण पुढे सरकेना.

मग जाड सुई त्या टोकातून आत घातली आणि दहा मिलीच्या सिरिंजने तीन वेळा भरून आतला बलक-पांढरा ओढून घेतला. बोटांनी हळूच दाबलं तसं कवच आतल्या आत बसलं. फोर्सेपने एकेक तुकडा, आतल्या पापुद्र्याला धरून, बाहेर घेतला. घाई केली तर त्याच कडा आतून कापतात. कवच चुना थापल्यासारखं जाड आणि खरबरीत होतं. अंडं जितका वेळ अडकून राहतं तितके त्यावर थर चढत जातात. बोटाखालचा तो प्रत्येक खरबरीतपणा मला माझ्या फोनवरच्या उत्तरासारखा लागत होता.

मावशींनी स्टीलची थाळी आणली. आम्ही दोघांनी तुकडे जुळवले. अंगठ्याच्या नखाएवढा एक तुकडा कमी होता. आत राहिला तर पू धरेल, म्हणून अँटिबायोटिक दिलं आणि या औषधाच्या दिवसांतली अंडी नातवाला देऊ नका, फेकून द्या, असं बजावलं. कवचं भाजून, कुटून दाण्यात घाला, शिंपल्याचा चुराही ठेवा. भाजायची कारण कोंबडीला अंड्याची ओळख पटायला नको.

या खेपेला मावशी काय म्हणतात ते पुरतं ऐकून घेतलं. हिच्या आईचंही दोनदा अंडं अडलं होतं, आणि ती दुसऱ्या खेपेला मेली.

तिसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला. मी गाडी कडेला घेतली. काळी दाणे टिपत होती, आदल्या संध्याकाळी खुराड्यात आपणहून चढली होती. संध्याकाळी गेलो तर मावशींनी कागदाची पुडी उलगडली. काळीच्या विष्ठेतून पडलेला तुकडा त्यांनी धुऊन ठेवला होता. थाळी अजून फडताळात तशीच होती. त्यांनी तो मोकळ्या जागी ठेवला. कडा जुळल्या.