ठिपका आलाच नाही

रविवार, रात्री उशिरा

झोप येत नाहीये. कारण सांगितलं तर कुणीही हसेल. सिनेमात ठिपका नव्हता.

लहानपणीचा आमचा तो सिनेमा, आता नव्याने स्वच्छ करून आलेला. एक ओरखडा नाही, आवाजात खरखर नाही, रंग तर आम्ही तेव्हाही पाहिले नव्हते इतके लख्ख. शेवटपर्यंत पाहिला आणि कोरडीच उठले. उजव्या कोपऱ्यातला ठिपका पुसून टाकला होता.

तो मला दादाने दाखवलेला. 2000 फुटांचं रीळ, सेकंदाला 24 फ्रेम, म्हणजे बावीसेक मिनिटांत खेळ खलास. रीळ संपायच्या आठेक सेकंद आधी वर उजवीकडे एक ठिपका चमकायचा, जेमतेम 4 फ्रेम. मागच्या खोलीतल्या ऑपरेटरला इशारा, की दुसरं मशीन चालू कर. मग अगदी शेवटी आणखी एक, की आता बदल. पापणी लवली की हुकलाच. दादा कानाशी पुटपुटायचा, "आला बघ." तिकडे नायक प्राण सोडतोय आणि आम्ही दोघं कोपऱ्यात डोळे लावून. आई चिडायची, "अरे, मरतोय तो! त्याच्याकडे बघा की!"

दादाचं आता... असो.

मला टोचतंय ते वेगळंच. इतकी वर्षं सिनेमावेडी म्हणून मिरवतेय, महोत्सवांच्या रांगांत पाय मोडून घेतलेत. आणि मुळाशी काय, तर ठिपका? मला सिनेमा आवडला होता, की सगळ्या थिएटरला न दिसणारं काहीतरी आपल्याला दिसतंय, हे आवडलं होतं? आज सिनेमा होता तसाच होता, उलट जास्तच देखणा. तरी माझं काहीतरी कुणीतरी डाग समजून काढून टाकलं, असं वाटत राहिलं. त्यांच्या दृष्टीने तो डागच म्हणा.

तसं बघायला गेलं तर फ्रेम पुढे सरकताना प्रोजेक्टरचं शटर मध्ये यायचं आणि पडदा जवळजवळ निम्मा वेळ काळाच असायचा. म्हणजे तीन तासांच्या सिनेमात दीडेक तास आम्ही अंधाराकडे बघत हुंदके देत होतो. तेव्हा चकार शब्द काढला नाही, आणि आता सेकंदाच्या सहाव्या हिश्श्यासाठी हा थयथयाट!

खोड मात्र जात नाही. आता रीळच नाही, मग इशारा कुणाला देणार? तरी नव्या सिनेमातसुद्धा साधारण विसाव्या मिनिटानंतर डोळे वर उजवीकडे जातात. सिनेमा रटाळ असला की जास्तच. कट कुठे बसलाय, गर्दीतला कोण चुकून कॅमेऱ्याकडे बघतोय, हे मला आधी दिसतं आणि गोष्ट नंतर कळते. सोबत बघणारे वैतागतात.

जुन्या प्रिंटवरून काढलेल्या व्हिडिओ कॅसेटमध्ये ठिपके तसेच उतरायचे. आमची कॅसेट दादाकडेच असणार, तो काही टाकत नाही. मागायची तर आधी फोन करावा लागेल. आणि त्याच्याकडे तरी व्हीसीआर कुठे चालू असणार आता.