तुम्ही विचारलंत म्हणून: "म्हणजे तू हॅकिंग शिकलीस?"

"काय शिकलीस गं?"

"सायबर सिक्युरिटी आणि डिजिटल फॉरेन्सिक्स."

इथे समोरचा माणूस हातातला फोन हळूच पालथा ठेवतो. "म्हणजे हॅकिंग?"

चार वर्षं शिकताना आणि शिकून झाल्यावर आणखी तीन वर्षं, अशी सात वर्षं मी हा संवाद पाठ असल्यासारखा म्हणतेय. पुढचे प्रश्नही ठरलेले. कोणाचाही फोन उघडता येतो का, डिलीट झालेले फोटो परत आणशील का, अमक्याचा पासवर्ड निघेल का. हल्ली मात्र एक वेगळा प्रश्न येतो, आणि तो मावश्या-मामांकडून येतो: "आमच्या मुलीला त्यालाच अ‍ॅडमिशन हवीय. तिथे नेमकं शिकवतात तरी काय?" प्रश्न रास्त आहे, पण उभ्या उभ्या उत्तर देण्यासारखा नाही. म्हणून जरा बैजवार सांगते. डिजिटल फॉरेन्सिक्स म्हणजे संगणक-फोनमधून कोर्टात टिकेल असा पुरावा शोधून काढणं.

आधी निराशेचं. पहिल्या वर्षी वर्गातल्या प्रत्येकाला वाटत होतं की दुसऱ्या आठवड्यापासून काळ्या स्क्रीनवर हिरवी अक्षरं धावायला लागणार. धावली ती हेक्साडेसिमलची, म्हणजे दहाऐवजी सोळा चिन्हांनी आकडे लिहायच्या पद्धतीची, कोष्टकं. मग सी भाषा, लिनक्सच्या कमांड्स, ऑपरेटिंग सिस्टीम आणि नेटवर्क, नेटवर्क, नेटवर्क. वायरशार्क नावाचं एक सॉफ्टवेअर आहे, त्यात वायरीवरून जाणारं-येणारं प्रत्येक पॅकेट (माहितीचा छोटा तुकडा) दिसतं. आम्हाला ब्राउझरमध्ये एकच पान उघडायला लावायचे आणि त्यासाठी झालेली सगळी ये-जा ओळीओळीने वाचायला लावायचे. दोन यंत्रं बोलायला लागण्याआधी तीनदा मान डोलावतात: सिन, सिन-अ‍ॅक, अ‍ॅक. हे मी त्या सहा महिन्यांत इतक्यांदा पाहिलं की कंटाळून कोर्स सोडायचं मनात आलं होतं. तेव्हा सर एवढंच म्हणाले, की रोजचं वागणं माहीत नसेल तर वेगळं वागणं ओळखणार कसं? मला ते तेव्हा टोलवाटोलवीचं उत्तर वाटलं होतं.

आता वाटत नाही. १९८६ साली अमेरिकेतल्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत क्लिफर्ड स्टोल नावाच्या खगोलशास्त्रज्ञाकडे संगणक-वापराच्या हिशेबात ७५ सेंटचा फरक शोधायचं किरकोळ काम आलं. दुसऱ्या कोणी तो फरक सोडून दिला असता. त्यांनी धागा धरला, येणाऱ्या लाइनींना प्रिंटर जोडून घुसखोराची प्रत्येक कमांड कागदावर उतरवली, तारीखवार वही ठेवली आणि माग पश्चिम जर्मनीपर्यंत नेला. तो घुसखोर सोव्हिएत हेरखात्यासाठी माहिती चोरत होता. ही गोष्ट सांगताना लोक हेरगिरीच रंगवून सांगतात. मला मात्र त्यातली वही महत्त्वाची वाटते. का, ते माझ्या फजितीवरून सांगते.

दुसऱ्या वर्षाचं प्रॅक्टिकल. प्रत्येक गटाला सीलबंद पाकिटात एक पेनड्राइव्ह मिळाला. पाकिटावर क्रमांक, तारीख आणि कोणी कोणाला कधी दिलं याचा तक्ता. त्यालाच चेन ऑफ कस्टडी म्हणतात, म्हणजे पुरावा क्षणभरही बेवारस नव्हता याचा कागद. तो भरणं मला कारकुनी वाटली. आमच्या गटातले बाकीचे दोघं यायचे होते. म्हटलं, आत काय आहे ते नुसतं बघून तर ठेवू. पाकीट फोडलं आणि पेनड्राइव्ह सरळ माझ्या विंडोजच्या लॅपटॉपला लावला. एकही फाइल उघडली नाही. नावं बघितली आणि काढून ठेवला.

दोन आठवडे आम्ही राबलो. लपवलेल्या फाइली काढल्या, वीस पानांचा अहवाल लिहिला. सबमिशनच्या दिवशी मॅडमनी त्यांच्याकडचा एक लिफाफा उघडला. त्यात त्या पेनड्राइव्हचा मूळ हॅश होता. हॅश म्हणजे सगळा डेटा एका ठरलेल्या गणिती चाळणीतून काढल्यावर मिळणारा ठसा. एसएचए-२५६ पद्धतीने काढला तर ६४ अक्षरांचा. पेनड्राइव्ह कितीही जीबीचा असो, त्यातला एक बिट इकडचा तिकडे झाला की ठसा पार ओळखू येणार नाही इतका बदलतो. मॅडमनी आमचा हॅश आणि त्यांचा हॅश शेजारी शेजारी धरले. पहिलंच अक्षर वेगळं होतं. पुढची ६३ बघायची गरजच नव्हती.

काय झालं होतं? पेनड्राइव्ह लावल्याबरोबर विंडोजने न विचारता त्यावर 'सिस्टीम व्हॉल्यूम इन्फर्मेशन' नावाचं एक छुपं फोल्डर करून ठेवलं होतं. मी काहीच केलं नव्हतं, माझ्या लॅपटॉपने केलं होतं. अहवाल न वाचता परत मिळाला. गटातले ते दोघं माझ्याशी आठवडाभर बोलले नाहीत, आणि त्यात त्यांचं चूक नव्हतं.

रीत अशी आहे: आधी राइट ब्लॉकर लावायचा. ही वाचू देणारी पण लिहू न देणारी छोटी डबी असते. त्यातून बिटला बिट नक्कल घ्यायची, तिला इमेज म्हणतात. मूळ वस्तूचा आणि इमेजचा हॅश जुळवायचा, मूळ वस्तू पुन्हा पाकिटात, आणि पुढचं सगळं काम नकलेवर. संगणक चालू स्थितीत सापडला तर आणखी वेगळं. पूर्वी सांगायचे, आधी प्लग खेचा. आता तो असा बिनविचार खेचत नाहीत, कारण एन्क्रिप्ट केलेल्या, म्हणजे किल्लीशिवाय वाचता न येणाऱ्या डिस्कची किल्ली रॅममध्ये, म्हणजे यंत्राच्या तात्पुरत्या स्मृतीत असू शकते आणि वीज गेली की रॅम गेली. जे लवकर उडून जाणार ते आधी गोळा करा, हा क्रम २००२ च्या फेब्रुवारीत आलेल्या आरएफसी ३२२७ या इंटरनेटच्या मार्गदर्शक कागदात लिहिलेला आहे. आमच्या लॅबच्या भिंतीवर त्याचा तक्ता होता, पण तो वाचायचे ते नवीन आलेलेच.

आता डिलीट झालेल्या फोटोंचं, कारण ते विचारल्याशिवाय कोणी सोडत नाही. फॅट या फाइली मांडून ठेवायच्या जुन्या पद्धतीच्या पेनड्राइव्हवर फाइल डिलीट केली की यंत्र फाइल पुसत नाही. यादीतल्या तिच्या नोंदीचा पहिला बाइट बदलून तिथे 'ई५' लिहितं आणि जागा मोकळी झाली असं जाहीर करतं. बाइट जसेच्या तसे दाखवणाऱ्या हेक्स एडिटरमध्ये हे मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा हसूच आलं: नावाचं पहिलं अक्षर गायब, बाकी नाव जागच्या जागी. नोंदही उरली नसेल तर खूण शोधायची. जेपेग फोटो 'एफएफ डी८' ने सुरू होतो आणि 'एफएफ डी९' ने संपतो. सगळी डिस्क चाळून अशा दोन खुणांमधला ऐवज उचलायचा. मी असा परत मिळवलेल्या पहिल्या फोटोत वरची अर्धी चौकट होती, आकाश आणि एका माणसाचं कपाळ. खाली सपाट करडा रंग, कारण उरलेल्या जागेवर दुसरीच फाइल येऊन बसली होती. ते कपाळ अजून आठवतं.

पण हे सगळं जुन्या माध्यमांचं. एसएसडीमध्ये, म्हणजे चिपवर साठवणाऱ्या नव्या डिस्कमध्ये, ट्रिम नावाची सोय असते: ही जागा आता नको, असं ऑपरेटिंग सिस्टीम कळवते आणि ड्राइव्ह सवडीने ती खरोखरच साफ करून टाकतो. आजच्या फोनमधला साठा एन्क्रिप्ट केलेला असतो. तेव्हा मामा, तुमचे फोटो बॅकअपमध्ये असतील तर आहेत, नाहीतर माझ्याकडे बघून उपयोग नाही.

हल्ल्याचा भागही शिकवतात, नाही असं नाही. पण तो व्हर्च्युअल मशीनवर (संगणकातच सॉफ्टवेअरने उभ्या केलेल्या दुसऱ्या संगणकावर), बाहेरच्या जगाशी न जोडलेल्या नेटवर्कवर, आणि दुसऱ्याच्या यंत्राला हात लावायचा तर लेखी परवानगी घेऊन. २ नोव्हेंबर १९८८ ला सुटलेल्या मॉरिस वर्म या आपोआप पसरणाऱ्या प्रोग्रामने जी एक फट वापरली होती, ती आम्ही लॅबमध्ये बांधून पाहिली. ५१२ बाइटांच्या जागेत त्याहून लांब मजकूर कोंबायचा, जास्तीचा मजकूर शेजारच्या जागेवर सांडतो, आणि प्रोग्राम आपला रस्ता सोडून तुमच्या रस्त्याने चालायला लागतो. हे पहिल्यांदा जमलं तेव्हा मी खुर्चीवरून उठून उभी राहिले होते. मजा येते, खोटं कशाला बोलू. पण चार वर्षांत अशा संध्याकाळी मोजक्या. बाकीच्या लॉग, म्हणजे यंत्राने आपोआप ठेवलेल्या नोंदी, वाचण्यात आणि लिहिण्यात गेल्या.

लिहिण्याचा खरा कस लागला तो तिसऱ्या वर्षी, खोट्या कोर्टात. कायदा विभागातल्या एक मॅडम बचाव पक्षाच्या वकील, मी तज्ज्ञ साक्षीदार. मी ठसक्यात म्हणाले, "आरोपीने रात्री ११ वाजून ४२ मिनिटांनी फाइल कॉपी केली."

"तुम्ही तिथे होतात?"

"नाही. पण त्याच्या अकाउंटवरून..."

"म्हणजे अकाउंटवरून झाली. पासवर्ड आणखी कोणाला माहीत नव्हता, हे तुम्ही तपासलंत?"

नव्हतं तपासलं.

"बरं, ११ वाजून ४२ मिनिटं. कोणत्या घड्याळाची?"

इथे मी संपले. विंडोजची एनटीएफएस ही फाइली ठेवायची पद्धत वेळ १ जानेवारी १६०१ पासून मोजते, सेकंदाचे एक कोटी भाग करून, आणि तीही जागतिक वेळेत. युनिक्स १ जानेवारी १९७० पासून सेकंद मोजतं. फॅट मात्र स्थानिक घड्याळात दिसेल ती वेळ लिहून मोकळं होतं, आणि फाइल बदलल्याची वेळ तर दोन-दोन सेकंदांच्या टप्प्यात. माझ्या प्रकरणात फाइल एनटीएफएसवरून फॅटवर गेली होती. दोन्हीकडच्या वेळा मी एकाच रांगेत मांडल्या होत्या, आणि त्या यंत्राचं घड्याळ मुळात बरोबर होतं की नाही हे बघितलंच नव्हतं. अहवालातलं ते वाक्य मी नंतर सुधारलं: 'या अकाउंटच्या सत्रात, यंत्राच्या घड्याळानुसार अमुक वाजता, ही फाइल कॉपी झाल्याची नोंद आहे.' किती बुळबुळीत वाटतं ना? पण माझ्याजवळ होतं ते तेवढंच.

जास्तीचं बोललं तर काय होतं, याचं उदाहरण आम्हाला त्याच आठवड्यात वाचायला दिलं होतं. २०११ साली फ्लोरिडात एका आईवर लहान मुलीच्या खुनाचा खटला चालला. घरच्या संगणकावरून क्लोरोफॉर्मची माहिती देणारं पान ८४ वेळा उघडलं गेलं, अशी साक्ष झाली. आकडा सॉफ्टवेअरने दिला होता. पुढे ते सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यानेच पुन्हा तपासलं तेव्हा निघालं की ते पान एकदाच उघडलं होतं, ८४ भेटी एका सोशल नेटवर्किंग साइटच्या होत्या. दुसऱ्या एका सॉफ्टवेअरच्या अहवालात 'एकदा' असंच होतं. ज्यूरीने तिला खुनाच्या आरोपातून निर्दोष सोडलं, पण तो भाग वेगळा. बटण दाबल्यावर आलेला आकडा दुसऱ्या मार्गाने पडताळल्याशिवाय मी आजही सही करत नाही, त्यामागे ते ८४ आहेत.

अ‍ॅडमिशनचं विचारणाऱ्यांना मी एवढंच सांगते: विद्यापीठाचं माहितीपत्रक बघताना टूल्सची यादी बघू नका, ती चार वर्षांत शिळी होते. लॅबमध्ये राइट ब्लॉकर किती आहेत आणि ते विद्यार्थ्यांच्या हाती देतात का, हे विचारा. अहवाल लिहायला लावतात का, उलटतपासणी होते का, तेही विचारा. आणि मुलीला गणिताची भीती असेल तर असू दे, ती जाते. लिहायचा कंटाळा असेल तर मात्र अवघड आहे.

एक गोष्ट माहितीपत्रकात नसते. दुसऱ्याचा संगणक उघडला की दुसऱ्याचं आयुष्य उघडतं. सरावासाठी आम्हाला एम५७ नावाच्या काल्पनिक कंपनीच्या डिस्क दिल्या होत्या. २००९ साली काही जणांनी कर्मचाऱ्यांच्या भूमिका करून त्या तयार केल्या होत्या. सगळं नाटक आहे हे माहीत असूनही त्यांचे मेल वाचताना मला चोरून ऐकल्यासारखं वाटत होतं. खऱ्या प्रकरणांत ते वाटणं जात नाही. आणि ओळखीतल्या एक बाई मध्यंतरी नवऱ्याचा फोन घेऊन आल्या, "नुसतं बघून सांग" म्हणाल्या, तेव्हा मी तो हातात घेतला नाही. त्या रागावल्या. 'नुसतं बघणं' म्हणजे काय असतं, ते मला त्या पेनड्राइव्हने शिकवलेलं आहे.

मावशीची धाकटी यंदा बारावीला आहे. तिला मी कोर्सचं काहीच सांगितलं नाही. एक जुना पेनड्राइव्ह दिला, त्याची इमेज कशी घ्यायची ते दाखवलं आणि दुसऱ्या खोलीत जाऊन बसले. दोन तासांनी ती दारात उभी.

"ताई, ही फाइल तयार झाली जुलैमध्ये, आणि बदलली मार्चमध्ये. त्याच वर्षीच्या. तयार व्हायच्या आधी बदलली कशी?"

उत्तर सोपं आहे. कॉपी केलेल्या फाइलला तयार झाल्याची तारीख नवी मिळते, बदलल्याची जुनीच राहते. पण मी ते सांगितलं नाही. तिने स्वतःची एक फाइल इकडून तिकडे कॉपी करून बघितली. मग परत येऊन वही मागितली.